जर्सीवरील क्रमांक : समज आणि वस्तुस्थिती

खेळाच्या इतिहासातील संस्मरणीय क्षण आणि त्या क्षणी खेळाडूच्या पाठीवर असलेला क्रमांक यांची सांगड प्रेक्षकांच्या मनात इतकी घट्ट बसलेली असते, की तो क्रमांक मुळातच थोर होता आणि म्हणूनच तो थोर खेळाडूच्या वाट्याला आला, असे मानण्याकडे सर्वसाधारण कल दिसतो. नोंदी तपासल्या असता बहुतेक वेळा याच्या उलट क्रम आढळतो. क्रमांक कार्यालयीन सोयीने, वर्णानुक्रमाने किंवा निव्वळ योगायोगाने मिळालेला असतो आणि पराक्रम घडून गेल्यावर त्याला अर्थ चिकटतो. हा क्रम ध्यानात न घेतल्यामुळे अनेक गैरसमज रूढ झाले आहेत आणि त्यांपैकी एका गैरसमजाची झळ तर महाराष्ट्रातील एका गुणी गोलंदाजाला सोसावी लागली.

फुटबॉलपटूंच्या पाठीवर क्रमांक पूर्वापार असत, हा त्यांतील सर्वांत जुना समज होय. इंग्लंडच्या लीगमध्ये २५ ऑगस्ट १९२८ रोजी आर्सेनल आणि चेल्सी या लंडनच्या दोन संघांनी क्रमांकित जर्सी वापरून पाहिल्या, आणि १९३३ साली वेम्बलीवर झालेल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात एव्हर्टनच्या खेळाडूंना १ ते ११, तर मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंना १२ ते २२ क्रमांक देण्यात आले. त्या दिवशी सिटीचा गोलरक्षक २२ क्रमांक लावून खेळला. त्या काळी क्रमांक खेळाडूचा नसून मैदानावरील जागेचा असे, म्हणजे गोलरक्षकाला १, मधल्या आघाडीवीराला ९ आणि त्याच्या डावीकडच्या आक्रमकाला १०, असे ते वाटप होते आणि त्या जागेवर जो उतरेल त्याच्या अंगावर ती जर्सी चढत असे. प्रत्येक खेळाडूला संपूर्ण स्पर्धेसाठी एकच क्रमांक देण्याची पद्धत विश्वचषकात १९५४ साली आली. आज जिला आपण खेळाडूची ओळख म्हणतो ती तेव्हापासून घडू लागली.

दहा क्रमांकाची जर्सी संघातील सर्वश्रेष्ठ खेळाडूसाठी राखून ठेवलेली असते आणि म्हणूनच ती पेलेला मिळाली, हा समज सर्वाधिक पसरलेला आहे. १९५८ साली स्वीडनमध्ये झालेल्या विश्वचषकात सतरा वर्षांच्या पेलेने १० क्रमांक घालून अंतिम सामन्यात दोन गोल केले आणि ब्राझीलने यजमानांना ५-२ असे हरवले, हे खरे आहे. पण त्याच संघाच्या इतर जर्सींकडे पाहिले, की ते वाटप गुणवत्तेनुसार झाले नव्हते आणि जागेनुसारही झाले नव्हते, हे उघड होते. गोलरक्षक जिल्मारच्या पाठीवर ३ हा क्रमांक होता. रिवाजाने ७ क्रमांक ज्याला मिळायला हवा तो उजव्या बगलेवरचा गारिंशा ११ घालून खेळला आणि डाव्या बगलेवरचा झागालो ७ घालून. पेलेला दहा क्रमांक मिळणे हा त्याच गोंधळातील एक योगायोग होता. पेलेच्या खेळामुळे पुढे त्या क्रमांकाला असे मोल आले, की जगभरचे प्रशिक्षक तो आपल्या सर्वांत कल्पक खेळाडूला देऊ लागले.

वर्णानुक्रमाची उदाहरणे याहूनही बोलकी आहेत. १९७८ साली अर्जेंटिनाने आपल्या बावीस खेळाडूंना आडनावांच्या वर्णानुक्रमाने क्रमांक दिले, त्यामुळे मधल्या फळीतील आलोन्सोला १, आर्दिलेसला २ आणि गोलरक्षक फियोलला ५ क्रमांक आला, तर दहावे आडनाव मारियो केम्पेसचे निघाले. त्याच केम्पेसने बुएनोस आइरेसमधील अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध दोन गोल करून देशाला पहिला विश्वचषक मिळवून दिला. अर्जेंटिनाच्या त्या दहा क्रमांकामागे पेलेची परंपरा नव्हती, आडनावाचे आद्याक्षर होते. नेदरलँड्सनेही १९७४ साली हीच पद्धत वापरली होती, पण योहान क्रायफने आपला १४ क्रमांक सोडला नाही आणि त्याला अपवाद करण्यात आले. परिणामी १ हा क्रमांक आघाडीवीर रूद खेल्सकडे गेला आणि गोलरक्षक योंगब्लूड ८ घालून अंतिम सामना खेळला.

दिएगो मॅराडोनाचा दहा क्रमांक मात्र खरोखर राखून दिलेला होता, कारण १९८२ आणि १९८६ या दोन्ही स्पर्धांत अर्जेंटिनाने वर्णानुक्रम पाळतानाही त्याच्यासाठी अपवाद केला. असे असूनही २२ जून १९८६ रोजी मेक्सिको सिटीच्या अस्तेका मैदानावर इंग्लंडविरुद्ध हाताने केलेल्या आणि त्यानंतर अर्धे मैदान पार करून केलेल्या त्या दोन गोलांच्या वेळी त्याच्या अंगावर जी निळी जर्सी होती, ती अधिकृतरीत्या खास घडवलेली असावी, हा समज चुकीचा आहे. संघाची नेहमीची निळी जर्सी जाड असल्यामुळे मेक्सिकोच्या उकाड्यात ती नकोशी झाली, तेव्हा संघाच्या माणसांनी सामन्याच्या तोंडावर मेक्सिको सिटीतील दुकानातून हलक्या जर्सी आणल्या आणि अमेरिकन फुटबॉलच्या गणवेशावर लावतात तसे रुपेरी क्रमांक त्यांवर इस्त्रीने चिकटवले. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने सामन्यानंतर अदलाबदलीत मिळवलेली ती जर्सी मे २०२२ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला विकली गेली. घाईघाईत चिकटवलेल्या क्रमांकाला एवढे मोल येते ते केवळ त्या दुपारच्या खेळामुळे.

क्रिकेटमधील परिस्थिती आणखी वेगळी आहे, कारण तेथे क्रमांकच फार उशिरा आले. २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मदनलालच्या चेंडूवर व्हिव्हियन रिचर्ड्सचा झेल मागे धावत घेणाऱ्या कपिलदेवचा जर्सी क्रमांक कोणता होता, असा प्रश्न आजही विचारला जातो. त्याचे उत्तर एवढेच, की कोणताही नाही. ती स्पर्धा पांढऱ्या कपड्यांत खेळली गेली. विश्वचषकात रंगीत कपडे १९९२ साली आले आणि त्यांवर नाव असले तरी क्रमांक नव्हता. क्रमांक १९९९ च्या विश्वचषकात आले. त्या वेळी कर्णधाराने १ क्रमांक घालावा असा प्रघात होता, तरी दक्षिण आफ्रिकेच्या हॅन्सी क्रोनिएने आपला ५ क्रमांक कायम ठेवला आणि १ क्रमांक गॅरी कर्स्टनने घातला. कसोटी सामन्यांत तर पाठीवर नाव आणि क्रमांक येण्यासाठी ऑगस्ट २०१९ मधील अॅशेस मालिका उजाडावी लागली.

या कालक्रमामुळे सचिन तेंडुलकरविषयीचा एक समज दुरुस्त करावा लागतो. त्याची संपूर्ण कारकीर्द १० या क्रमांकाशी जोडली जाते. ग्वाल्हेरला २४ फेब्रुवारी २०१० रोजी झळकावलेले एकदिवसीय क्रिकेटमधील नाबाद द्विशतक किंवा २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर जिंकलेला विश्वचषक यांच्या बाबतीत ते योग्यही आहे. पण त्याचे सर्वच्या सर्व २०० कसोटी सामने बिनक्रमांकाच्या पांढऱ्या कपड्यांत झाले. चेन्नईत १९९९ साली पाकिस्तानविरुद्ध पाठदुखी सोसत केलेल्या १३६ धावा आणि १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेच्या खेळपट्टीला वाकून केलेला नमस्कार या दोन्ही प्रसंगी पाठीवर दहा नव्हता. कसोटीपटू म्हणून त्याला असलेला १८७ हा क्रमांक कॅप क्रमांक होय, म्हणजे देशातर्फे कसोटी पदार्पण करणाऱ्या खेळाडूंच्या यादीतील अनुक्रम, जो एकदा मिळाला की कधीच बदलत नाही. कराचीच्या सामन्यात त्याच्याबरोबरच पदार्पण केलेल्या सोलापूरच्या सलील अंकोलाचा कॅप क्रमांक १८६ आहे. जर्सी क्रमांक निवडता आणि बदलता येतो. कॅप क्रमांक मिळवावा लागतो, आणि अभिमानाच्या दृष्टीने त्याचेच मोल अधिक मानले पाहिजे.

क्रमांक बदलला की खेळाडूची जादू ओसरते, हाही एक समज आहे. बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन निवृत्तीतून परतल्यावर २३ ऐवजी ४५ क्रमांक घालून खेळत होता, तेव्हा २८ मार्च १९९५ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने ५५ गुण मिळवले. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तो ९ क्रमांक घालून उतरला होता, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार तेव्हा ४ ते १५ एवढेच क्रमांक वापरता येत असत.

क्रमांक ‘निवृत्त’ करण्याविषयीचा गोंधळ यापेक्षा गंभीर आहे. निवृत्त करणे म्हणजे एखाद्या खेळाडूच्या सन्मानार्थ तो क्रमांक पुढे कोणालाही न देणे. हा निर्णय सामान्यतः एका संघापुरता असतो. संपूर्ण लीगने तो घेतल्याची उदाहरणे मोजकीच आहेत, आणि त्यांत अमेरिकन बेसबॉलने १५ एप्रिल १९९७ रोजी जॅकी रॉबिन्सनसाठी निवृत्त केलेला ४२ क्रमांक अग्रगण्य आहे. रॉबिन्सनने १९४७ साली त्या लीगमधील वर्णभेदाची भिंत पाडली होती. याउलट अर्जेंटिनाने २००२ च्या विश्वचषकासाठी मॅराडोनाचा दहा क्रमांक वगळून यादी पाठवली, तेव्हा फिफाने ती मान्य केली नाही आणि एरियल ओर्तेगाला १० घालावा लागला.

भारतात या बाबतीत लिखित नियम नव्हता. पालघरच्या शार्दूल ठाकूरने ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध एकदिवसीय पदार्पण केले तेव्हा त्याच्या पाठीवर १० होता, आणि त्याने जणू सचिनची वस्तू उचलली अशा थाटात त्याच्यावर टीकेची झोड उठली. १६ ऑक्टोबर १९९१ या जन्मतारखेतील अंकांची बेरीज २८ आणि त्या दोन अंकांची बेरीज १० येते, एवढेच त्या निवडीमागचे कारण होते. सात जुलैला जन्मलेल्या महेंद्रसिंह धोनीनेही सात क्रमांक अशाच साध्या हिशेबाने घेतला होता आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष दिला नाही. दहा क्रमांक कोणी वापरू नये हे भारतीय क्रिकेट मंडळाने ठरवले ते या वादानंतर, आणि तेही अनौपचारिकरीत्या. ठाकूरने कोणताही नियम मोडला नव्हता. जो संकेत तेव्हा अस्तित्वातच नव्हता त्याच्या भंगाचा ठपका त्याच्यावर ठेवला गेला, आणि तो अन्यायच होता. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनच्या कसोटीत ६७ धावा करून आणि सात बळी घेऊन त्याने भारताच्या मालिका विजयाला हातभार लावला, तेव्हा तो ५४ क्रमांकाची जर्सी घालून खेळत होता.