सुगंधी तेलें: घरांतील सांठवण व वाटेंतील राखण

तिखाडी अथवा रोशा गवत चंद्रपूर-गडचिरोलीकडील शेतकऱ्यांस नवें नाहीं. विरळ जंगलांत, टेकड्यांच्या उतारावर व पडीत बरड जमिनींत तें आपोआप उगवतें. दिवाळीच्या सुमारास फुलावर आलें म्हणजे त्याचा वास वाटसरूस लांबूनच कळतो. या गवतापासून भट्टीवर तेल काढण्याचा उद्योग महाराष्ट्रांत बराच जुना आहे. खानदेशांत पिंपळनेर व नंदुरबार या बाजूस निघालेलें रोशा तेल एकोणिसाव्या शतकांत मुंबईस जात असे, आणि तेथून तांबड्या समुद्राच्या मार्गानें तुर्कस्थानांत. तेथें गुलाबाच्या अत्तरांत त्याची भेसळ होई. म्हणून युरोपांतील व्यापारी आमच्या या तेलास ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत, व पुष्कळांस तें हिंदुस्थानांतील डोंगरांत होतें याची वार्ताही नसे. आज भेसळीकरितां नव्हे, तर साबण, अगरबत्ती व सुगंधी द्रव्यें यांकरितां या तेलास मागणी आहे. कित्येकांनीं बांधावर व पडीत तुकड्यांत गवती चहाही लावला आहे.

गवत केव्हां कापावें व भट्टी कशी लावावी यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत. तेल निघाल्यापासून विकलें जाईपर्यंत त्याचें काय होतें, इकडे मात्र कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. वस्तुतः खरा तोटा येथेंच होतो. शंभर किलो हिरव्या रोशा गवतापासून सुमारें अर्धा किलो तेल मिळतें. एक किलो तेल सांडलें, उडालें किंवा बिघडलें तर दोन क्विंटल गवताची कापणी, वाहणी, सरपण आणि माणसांची मेहनत वायां गेली असें समजावें.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं हें तेल जवसाच्या किंवा मोहाच्या टोळीच्या तेलासारखें नाहीं. टोळीच्या तेलाचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायम राहतो. रोशा तेलाचा थेंब कांहीं वेळानें उडून जातो व कागद बहुतेक पूर्ववत् होतो. भेसळ ओळखण्याची ही पहिली व सोपी रीत होय. शेंगदाण्याचें तेल मिसळलेलें असेल तर चिकट वलय मागें राहतें. रॉकेलची भेसळ या परीक्षेंत सांपडेलच असें नाहीं. त्याकरितां सत्तर टक्के मद्यार्क वापरतात. शुद्ध रोशा तेल त्याच्या दोन-तीन पट मद्यार्कांत स्वच्छ विरघळतें, रॉकेल विरघळत नाहीं व मिश्रण गढूळ होतें. आजचा मोठा खरेदीदार तर वासावर न थांबतां यंत्राच्या साहाय्यानें पृथक्करण करून तेलांत जिरेनिऑल किती टक्के आहे तें पाहतो. तेव्हां बिघडलेलें तेल चांगल्यांत मिसळून खपवूं, ही आशा कोणी बाळगूं नये.

तेल बिघडविणाऱ्या गोष्टींत आम्ही पाण्यास अग्रस्थान देतों. भट्टींतून तेल व पाणी बरोबरच येतें. तेल हलकें असल्यामुळें वर तरंगतें व तें काढून घेतां येतें. परंतु नुकत्याच काढलेल्या तेलांत डोळ्यांस न दिसणारें पाणी पुष्कळ राहिलेलें असतें. असें तेल लागलीच भांड्यांत भरून बूच लावलें, तर तळाशीं पाणी जमतें; त्याच्या योगानें तेलांतील कांहीं सुवासिक घटक हळूहळू फुटतात व शिर्क्यासारखा आंबट वास येऊं लागतो. भांडें लोखंडाचें असेल तर त्याच पाण्यानें तें गंजतें आणि तेल तपकिरी होतें. म्हणून तेल एक-दोन दिवस स्थिर ठेवून वरचेंवर निथळून घ्यावें. नंतर दर लिटरास वीस ते तीस ग्रॅम निर्जल सोडियम सल्फेट घालून अधूनमधून हलवावें, एक रात्र तसेंच ठेवावें व सकाळीं कोरड्या जाड सुती कापडांतून अथवा गाळणकागदांतून गाळावें. तेल गढूळ होतें तें बाटली धरून उजेडांत पाहिल्यास दिसतें. पाणी गेलें म्हणजे तें कांचेसारखें निवळ होतें. हें मीठ रसायनांच्या दुकानांत सहज मिळतें. घरांतील खाण्याच्या मिठानें हें काम होत नाहीं, कारण तें स्वतःच ओलसर असतें.

जुने अत्तरवाले या बाबतींत आमच्यापेक्षां शहाणे होते असें म्हणावें लागतें. कनोजकडे अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्प्यांत भरून उन्हांत ठेवीत. कातड्यांतून पाण्याचा अंश बाहेर निघून जाई व सुगंध आंत राही. आतां अशा कुप्प्या आमच्या उपयोगाच्या नाहींत, परंतु पाणी काढल्यावांचून तेल बंद करूं नये हें त्यांनीं अनुभवानें ठरविलें होतें, हें खरें.

आतां भांड्याविषयीं. घरगुती प्रमाणांत, म्हणजे दहा-वीस लिटरांपर्यंत, पिवळसर तपकिरी रंगाच्या कांचेच्या बाटल्या उत्तम. अधिक तेल असल्यास स्टेनलेस स्टीलचें किंवा अल्युमिनियमचें भांडें घ्यावें. जस्ताचा मुलामा दिलेलीं पिंपेंही व्यापारांत चालतात, पण मुलामा कोठेंही उडालेला नसावा व तेल पूर्ण कोरडें असावें. तांब्याचे डेग भट्टीस चालत असले तरी सांठवणीस तांबें नको. तांबें व लोखंड यांचा अंश तेलांत उतरून रंग काळवंडतो व हवेनें होणारा बिघाड लवकर होतो. प्लॅस्टिकच्या बाबतींत विशेष सावध असावें. पातळ, मऊ डबे सुगंधी तेलानें फुगतात, तर थर्मोकोल त्यांत विरघळूनच जातें. जाड पांढऱ्या डब्यांत कांहीं दिवस तेल राहिलें तरी दीर्घ मुदतीस त्याचा सुगंध भिंतींतून झिरपतो. रबराचें बूच व रबरी फुगा असलेली थेंब टाकण्याची नळी वापरूं नये. रबर सुजतें, मऊ पडतें व त्याचा वास तेलास लागतो.

आणखी एक गोष्ट आग्रहानें सांगावीशी वाटते. कीटकनाशकाचे रिकामे डबे धुऊन त्यांत तेल भरण्याची चाल कोठेंकोठें दिसते. कितीही धुतलें तरी त्यांतील विष पूर्ण जात नाहीं, आणि सुगंधी तेल तें शोषून घेतें. हें तेल पुढें साबणांत व अंगास लावण्याच्या पदार्थांत जातें. असें एक पिंप यंत्रांत सांपडलें कीं संपूर्ण माल परत येतो आणि त्या गांवचें नांव व्यापाऱ्याच्या वहींत कायमचें काळें होतें. रॉकेल व दारूचे डबे-बाटल्यांची गोष्टही अशीच. तेलाचीं भांडीं वेगळीं, नवीं, आणि फक्त तेलाकरितांच असावीं.

हवा व उष्णता यांचा संबंध एकमेकींशीं आहे. उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं हवेनें होणारी क्रिया साधारणपणें दुप्पट वेगानें चालते, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. आमच्याकडे मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. टिनाच्या छपराखालीं तर त्याहून अधिक. रोशा तेल स्वभावानें टिकाऊ आहे. नीट ठेवल्यास दोन-तीन वर्षेंही चांगलें राहतें. गवती चहाचें तसें नाहीं. त्याच्या सुवासाचा मुख्य आधार असलेलें सिट्राल हवेनें व उजेडानें लवकर नासतें, व कांहीं महिन्यांत तेल घट्ट व चिकट होऊं लागतें. म्हणून तें शक्य तों सहा महिन्यांच्या आंत विकावें. वाळ्याचें व चंदनाचें तेल मात्र मुरल्यानें सुधारतें, परंतु तीं आमच्याकडे थोडींच निघतात.

भांडें अर्धें रिकामें राहूं देऊं नये, कारण रिकाम्या जागेंतील हवाच तेल खाते. वीस लिटरांच्या डब्यांत दोन लिटर तेल उरलें असेल तर तें दोन लहान बाटल्यांत काढावें. पण येथें एक उलट बाजू आहे, ती विसरूं नये. तेल तापलें कीं फुगतें. वीस अंशांवर कांठोकांठ भरलेलें दोनशे लिटरांचें पिंप पंचेचाळीस अंशांस पोहोंचलें तर त्यांतील तेल सुमारें चार लिटर अधिक जागा मागतें. ती जागा नसेल तर बुचांतून तेल बाहेर येतें. म्हणून पिंपांत चार-पांच लिटर व बाटलींत गळ्याशीं बोटभर जागा सोडावी. अधिक सोडूं नये. याच कारणामुळें विक्री मापानें न करतां वजनानें करावी: रोशा तेलाचें लिटर सुमारें ८८० ग्रॅमच भरतें, आणि लिटर व किलो एकच समजणारा विक्रेता दर शंभर लिटरांमागें बारा किलोंचा घोळ करून घेतो.

ठेवण्याची जागा थंड, अंधारी व कोरडी असावी. कौलारू मातीच्या घराचें माजघर या कामास सिमेंटच्या टिनाखालील गोदामापेक्षां चांगलें. परंतु धान्याची ढोली, बियाणें, चहा, तंबाखू हीं त्याच खोलींत नसावींत. वास लवकर लागतो, आणि अशा तेलांच्या वाफेनें बियाण्याची उगवणशक्तीही कमी होते. चूल, भट्टी व बिडी यांपासून तर तेल दूरच हवें. निलगिरीचें व संत्र्याच्या सालीचें तेल पन्नास अंशांच्या आंतच पेट घेण्याजोगी वाफ सोडतें; गवती चहाचें व रोशाचें त्याहून बऱ्याच वरच्या उष्णतेवर. तरीही भट्टीच्या जवळ सुकलेल्या गवताचा ढीग व तेलाचें पिंप एकत्र ठेवणें म्हणजे आगीस आमंत्रणच होय. पेटलेल्या तेलावर पाणी ओतूं नये, कारण तेल पाण्यावर तरंगत पसरतें. कोरडी माती किंवा वाळू टाकावी. वाळूची बादली जवळ असूं द्यावी. लहान मुलांच्या हातांस तेल लागणार नाहीं अशी कुलुपाची व्यवस्था अवश्य असावी. निलगिरीचें थोडेंसें तेल पोटांत गेल्यास मुलांस झटके येऊन जीवास धोका होतो. तसें झाल्यास ओकारी करवूं नये, लागलीच दवाखान्यांत न्यावें.

प्रवासाचा विचार आमच्या भागांत वेगळा करावा लागतो. गवती चहाची एक कापणी पावसाळ्यांत येते, आणि भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला कीं रस्ता बंद पडतो. अशा वेळीं तेल वीस-पंचवीस दिवस घरींच राहणार हें आधींच धरून चालावें व भट्टीजवळच वाळवण्याचें मीठ व कोरडी भांडीं तयार ठेवावीं. अहेरी-सिरोंचाकडून चंद्रपूर-बल्लारपूरपर्यंतचा रस्ता लांब. उन्हाळ्यांत पिंपें रात्रीं किंवा पहाटे हलवावीं, वर ओलें पोतें टाकावें व गाडी उन्हांत थांबवूं नये. बंद मोटारीचा अंतर्भाग बाहेरच्या हवेपेक्षां पुष्कळ अधिक तापतो.

थोड्या तेलाचा नमुना पाठवावयाचा असेल तर पन्नास मिलिलिटरच्या तपकिरी बाटल्या भराव्या, झांकणावर मेण चढवावें, बाटली उभी ठेवून प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधावी व धानाच्या तणसांत रुतवून लहान खोक्यांत घालावी. रेल्वेच्या डब्यांत ज्वालाग्राही पदार्थ नेण्यास १९८९ च्या रेल्वे कायद्याची मनाई आहे, व ती तुरुंगवासासह आहे. तेव्हां तेलाचे डबे बाकाखालीं सरकवून नेण्याचा मोह टाळावा व माल नोंदवून पाठवावा. विमानानें जाणाऱ्यानें कंपनीस आधीं विचारावें. पुष्कळ विमानतळांवर हातांतील सामानांत शंभर मिलिलिटरपेक्षां मोठी बाटली चालत नाहीं, आणि सहज पेटणारीं तेलें मालाच्या पेटींतही नेतां येत नाहींत. वर चढल्यावर बाहेरचा दाब कमी होतो व ढिल्या झांकणांतून तेल बाहेर येतें; म्हणून बाटली कांठोकांठ भरूं नये.

२००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य झाला आहे. तेव्हां जेथें रोशा जंगलांतून येतो तेथें तेल कोणाच्या नांवावर व कोणत्या भागांतून आलें हें लिहून ठेवणें दुहेरी उपयोगाचें आहे. प्रत्येक भांड्यावर चिठ्ठी लावावी: गवताची जात, भट्टीची तारीख, निव्वळ वजन, गाळल्याचा दिवस. मोतिया व सोफिया या रोशाच्या दोन जाती आहेत. उतारावरील मोतियाचें तेल अधिक मोलाचें, ओलसर सखल जागेंतील सोफियाचें हलकें. तीं एकत्र झालीं तर दोन्हींचा भाव हलक्याचा लागतो. प्रत्येक घाण्याचे दोन नमुने बंद करून एक स्वतःजवळ ठेवावा व दुसरा खरेदीदारास द्यावा. तेल घेतल्यावर त्याचा वास बदलल्याची तक्रार आली तर दोन्ही नमुने समोरासमोर उघडून पाहतां येतात.