मोटारीच्या चावीमागचे कसब

रेवदंड्यासारख्या खाडीमुखावरच्या गावात मोटारीची चावी चालेनाशी झाली, तर दोष पुष्कळदा चावीत नसून कुलपात असतो. कुंडलिकेच्या मुखावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने आणि पुळणीवरच्या बारीक वाळूने दाराच्या कुलपातल्या पट्ट्या जखडतात, आणि मग नवीकोरी चावी बनवूनही दार उघडत नाही. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० साली सुरू झाल्यापासून मुंबईच्या मोटारी बोटीतूनच अलिबाग तालुक्यात उतरू लागल्या असून त्यांत बटणावर सुरू होणाऱ्या गाड्याही असतात. त्यामुळे या किनाऱ्यावर काम करू पाहणाऱ्या चावीवाल्याला कानस आणि संगणकी यंत्र दोन्ही यावे लागते.

शिक्षणाची सुरुवात मात्र कानशीपासूनच व्हावी. मोटारीच्या कुलपात एक फिरता गाभा आणि त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या चपट्या पट्ट्या असतात. योग्य चावीच्या खाचा या सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या कडेशी समपातळीत आणतात, तेव्हाच तो फिरतो. शिकाऊ कारागीर भंगारातली कुलपे खोलून ही रचना समजून घेतो आणि मग ठशाची चावी घडवायला बसतो. कोरी चावी आत घालून हलक्या ताणाने फिरवली, की पट्टी जिथे अडते तिथे धातूवर केसाएवढी चकचकीत खूण उमटते. तिच्यावर कानशीचे एकदोन हात मारायचे, पुन्हा चावी घालून पाहायचे, आणि खूण उमटेनाशी झाली की त्या जागी थांबायचे, कारण खाच जास्त खोल गेली तर ती चावी वाया जाते.

यानंतरचा टप्पा चिपचा. युरोपात १९९८पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर, म्हणजे अनोळखी चावीला इंजिन चालू न करू देणारी यंत्रणा, सक्तीची झाली आणि पुढे ती भारतीय गाड्यांतही रुळली. चावीतल्या चिपला बॅटरी लागत नाही. इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यातून, बहुधा १२५ किलोहर्ट्‌झच्या लहरींतून, ऊर्जा मिळाली की ती आपला संकेत कळवते. रिमोटची बॅटरी संपली तरी चावी स्टार्ट बटणाला टेकवून अनेक गाड्या सुरू होतात, त्या याचमुळे. नव्या चिपची नोंद गाडीच्या संगणकात करताना गाडीच्या बॅटरीचा दाब घसरला तर नोंद अर्धवट राहून दुरुस्ती महागात पडू शकते, म्हणून जाणता कारागीर आधी बाहेरून वीजपुरवठा जोडतो. यंत्र विकत मिळते. ही सावधगिरी उस्तादाच्या हाताखालीच अंगवळणी पडते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतले फिटर आणि मोटार मेकॅनिक हे दोन वर्षांचे अभ्यासक्रम हाताला मोजमापाची शिस्त लावतात, परंतु कुलपांचे बारकावे त्यांत फारसे येत नाहीत. ते आजही दुकानातच, बहुतेकदा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून शिकले जातात. किनाऱ्यावर त्यात आणखी एका धड्याची भर पडते: जखडलेल्या कुलपात तेल ओतले तर वाळू अधिकच चिकटते, म्हणून आधी ते साफ करून कोरडी ग्राफाइटची पूड वापरावी. आणि हत्याराला हात घालण्याआधी आरसी बुक व मालकाचे ओळखपत्र ताडून पाहावे. पर्यटक कितीही घाईत असला तरी.