ताई ची: चित्रात दुसरा माणूस हवा

ताई ची चुआन या नावातला शेवटचा शब्द बहुधा गाळला जातो. 'चुआन' म्हणजे मूठ, आणि मुठीने लढण्याची पद्धतही. हा शब्द गळाला की मागे उरतो तो सकाळच्या बागेतला संथ व्यायाम. व्यायाम म्हणून तो उत्तमच आहे आणि घरातल्या बुजुर्गांनी तो जरूर करावा. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. घरातली मुलगी किंवा मुलगा स्वसंरक्षणासाठी म्हणून ताई ची शिकायला जातो, दोन वर्षे हवेत हात फिरवतो, आपल्याला लढता येते असे त्याला वाटू लागते. आणि कोणी मनगट घट्ट पकडले तर पुढे काय करायचे हे त्याला कुणी दाखवलेलेच नसते. काहीच न शिकलेल्यापेक्षा हा खोटा भरवसा जास्त घातक आहे.

उस्तादाला हा प्रश्न विचारायचा तर शागिर्दाकडे थोडी माहिती हवी. ती देणारी काही चांगली पुस्तके आहेत. इथे ज्यांचा उल्लेख आहे ती सगळी इंग्रजीत वाचायला मिळतात. मात्र दुकानात ताई चीच्या नावाखाली जे रंगीत ढिगारे असतात, त्यांतून निवडायचे कसे? आमची कसोटी साधी आहे. पुस्तक उघडावे आणि पाहावे, चित्रात दुसरा माणूस आहे का? चित्रात नसेल तर निदान मजकुरात तरी आहे का? तो कुठून येतो, कोणत्या हाताने मारतो, त्याच्या हाताचे आपण काय करतो, हे लिहिले आहे का? नसेल तर ते व्यायामाचे पुस्तक आहे. तसे असायला हरकत नाही, फक्त ते लढाईचे पुस्तक समजून विकत घेऊ नये.

एक उदाहरण घेऊ. ताई चीत एक पवित्रा आहे, पिपा हे चिनी तंतुवाद्य वाजवण्याचा. डावा हात पुढे, उजवा जरा मागे, दोन्ही तळवे एकमेकांकडे, वजन मागच्या पायावर. एकट्याने करताना हे फक्त सुंदर दिसते. आता समोर माणूस उभा करा. तो उजव्या हाताने छातीवर ठोसा मारतो. आपण छाती किंचित मागे घेतो, उजवा हात त्याच्या मनगटाला चिकटतो, डावा तळवा त्याच्या कोपराला लागतो, आणि दोन्ही हात एकमेकांकडे मिटतात. कोपर अडकले. जोर वाढवला तर मोडेल. वाद्य वाजवण्याच्या नावामागे हे दडले आहे, आणि दुसरा माणूस दाखवल्याशिवाय ते दहा वर्षांतही कळणार नाही.

यांग चेंगफू (१८८३-१९३६) यांची दोन पुस्तके याच कारणासाठी महत्त्वाची आहेत. यांचे आजोबा यांग लुचान यांनी हेनान प्रांतातल्या चेन घराण्याच्या गावी ही विद्या शिकून ती बीजिंगला नेली. नातवाचे पहिले पुस्तक १९३१ मध्ये निघाले, आणि त्याचा विषय नावातच होता: ताई ची वापरायची कशी. त्यात ते शिष्यांवर डाव करून दाखवतात. भाषा रांगडी, बोलण्यातली. ते पुढे बाजारातून मागे घेतले गेले असे परंपरेत सांगतात. १९३४ चे दुसरे पुस्तक शिष्य चेंग मान-चिंग यांच्या मदतीने सभ्य, घोटीव भाषेत लिहिले गेले. पवित्र्यांच्या छायाचित्रांत बहुधा एकटे, चांगलेच स्थूल झालेले यांग दिसतात. पण मजकुरात प्रतिस्पर्धी सतत हजर आहे. लुइस स्वेम यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर 'द इसेन्स अँड ॲप्लिकेशन्स ऑफ ताईजीचुआन' या नावाने मिळते. एकच जुने पुस्तक घ्यायचे तर आम्ही हे सुचवू.

डग्लस वाइल या अमेरिकन अभ्यासकाचे 'ताई-ची टचस्टोन्स' (१९८३) हे यांग घराण्यातल्या लेखनाचे भाषांतर त्याच्या शेजारी ठेवण्याजोगे आहे. चेन शिन यांचा प्रचंड सचित्र ग्रंथ मात्र नवशिक्याने लांबूनच पाहावा. कोशातून रेशमाचा धागा उलगडावा तसे सगळे अंग पिळत कसे फिरवायचे, हे त्यांनी १९०८ ते १९१९ अशी बारा वर्षे खपून लिहिले आणि ते छापलेले पाहायला ते हयात नव्हते. ग्रंथ निघाला १९३३ मध्ये.

आजच्या काळातले, हाताशी ठेवून सराव करण्याजोगे पुस्तक म्हणजे यांग ज्विंग-मिंग यांचे 'ताई ची चुआन मार्शल ॲप्लिकेशन्स'. हे तैवानचे, अमेरिकेत यंत्र अभियांत्रिकीत डॉक्टरेट घेतलेले, आणि लिहितातही अभियंत्यासारखे. एकेका पवित्र्यातून मारणे, सांधा अडकवणे आणि पाडणे हे सगळे कसे निघते, ते फोटोंसह मांडतात. वाचायला रूक्ष, पण फसवणूक नाही. चेंग मान-चिंग आणि रॉबर्ट स्मिथ यांचे १९६७ चे 'ताई-ची' हे त्यापेक्षा सोपे आहे. चेंग यांनी लांबलचक क्रम ३७ पवित्र्यांवर आणला होता, त्यामुळे घरच्या छोट्या जागेत, कमी वेळात तो बसतो. दोघांनी मनगटे टेकवून एकमेकांचा तोल चाचपायचा 'तुई शौ' हा सरावही त्यात आहे.

या पुस्तकांत जागोजागी दाओ पंथाची तत्त्वचर्चा येते. ज्यांना ती नको त्यांनी ती पाने उलटावीत, डाव तिथे अडत नाहीत. पोकळ आणि भरीव पाय म्हणजे काय, एवढे समजले तरी काम भागते: वजन ज्या पायावर नाही तो पोकळ. चांग सानफेंग नावाच्या सिद्धाने ही विद्या निर्माण केल्याची दंतकथाही भेटेल. इतिहासकार तांग हाओ यांनी १९३० च्या दशकात चेन घराण्याच्या गावी जाऊन शोध घेतला आणि या विद्येची सुरुवात सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंग यांच्यापाशी नेऊन ठेवली.

आणि हे दालन आपल्याला परके आहे असेही नाही. चीनमधल्या हुई मुसलमानांत मुष्टियुद्ध आणि कुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. त्यांच्यातले चांग तुंग-शेंग (मृत्यू १९८६) हे हेबेई प्रांतातल्या बाओडिंगचे. श्वाय-ज्याओ या चिनी कुस्तीतले ते नामांकित मल्ल. पुढे तैवानच्या पोलीस महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि ताई चीची स्वतःची एक शाखा बांधली, जिच्यात पवित्रा म्हणजे समोरच्याला उचलून वा अडकवून पाडण्याची रीत. कुस्तीचा आखाडा पाहिलेल्याला ही शाखा चटकन कळेल, कारण तोल गेलेल्या माणसाला फार जोर लावावा लागत नाही, हे तिथे रोज दिसते. हेबेईतल्याच त्सांगचौचे वांग त्झिपिंग यांच्या घरात हीच विद्या मुलीकडे गेली. वांग ज्युरोंग शांघायच्या क्रीडा महाविद्यालयात शिकवत होत्या.

पुस्तक आणल्यावर करायचे काय? भाऊ-बहीण, बाप-लेक, दोन मैत्रिणी, असा जोडीदार आधी ठरवावा. आठवड्याला एकच पवित्रा घ्यावा. एकाने पुस्तक हातात धरून मोठ्याने वाचावे, दुसऱ्या दोघांनी अगदी हळू करून पाहावे, मग अदलाबदल. कोपर आणि मानेचे डाव उस्तादाच्या देखरेखीशिवाय जोराने करू नयेत. हळू करतानाही दुखू लागताच हाताने थाप मारून थांबण्याची खूण ठरवून ठेवावी. आणि पुढच्या वर्गाला जाताना त्या आठवड्याचे पान सोबत न्यावे. या पवित्र्यात समोरचा कुठे उभा आहे, एवढेच अदबीने विचारावे. जो उस्ताद हसून तुमचा हात धरतो आणि दाखवतो, त्याची फी वसूल आहे.