बिनदांड्याचा स्क्रू आणि आपला प्रेसमड

प्रेसमड न्यायला ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि 'कन्व्हेअर चोक झालाय' ऐकून ताटकळायचे, ही तक्रार आम्ही गेल्या हंगामात पुष्कळ ऐकली. १०० टन उसामागे ३ ते ४ टन निघणारा हा माल ओला नि चिकट. स्क्रूच्या दांड्यावर त्याचा थर बसत जातो, मधल्या बेअरिंगपाशी तुंबतो, की घ्या पहार आणि बसा खरवडत!

मुंबई महापालिकेची घाटकोपर, भांडुप, वर्सोवा येथे सांडपाणी केंद्रे आहेत. अशा केंद्रांत जाळीवर अडकलेल्या चिंध्या, केस, गाळ पुढे सरकवायला बिनदांड्याचा स्क्रू वापरण्याची पद्धत आहे. जाड पोलादी पट्टीचे नुसते वेटोळे. पन्हाळीत प्लॅस्टिकच्या अस्तरावर टेकून सावकाश फिरते. मोटर एका टोकाला, मध्ये बेअरिंग नाही. दांडाच नाही, तर चिंधी गुंडाळणार कशाला?

मात्र अस्तर झिजते. वेळेवर बदलले नाही तर वेटोळे पन्हाळच खाते. कोरड्या, सुट्या साखरेसाठी हा खर्च करू नये. फिल्टरखालच्या एका टप्प्यापुरता विचार व्हावा, असे आम्ही चीफ इंजिनिअर साहेबांना लेखी दिले आहे. तोवर ट्रॅक्टर जोडण्यापूर्वी गट ऑफिसात विचारून यावे.