‘हट्टी आहे’ म्हणण्याआधी
हालचालींच्या पलीकडे : लेखांक चौथा

गेल्या आठवड्यात आपण स्नायूंच्या ताठरपणाविषयी वाचले. सेरेब्रल पाल्सी म्हटले की सगळ्यांचे लक्ष हातापायांकडे जाते. पण मेंदूला झालेल्या इजेचे परिणाम तिथेच थांबत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत हालचालींच्या बरोबरीने संवेदना, आकलन, संवाद, वर्तन आणि अपस्मार यांचाही उल्लेख मुद्दाम केलेला आहे.

ऑस्ट्रेलियातील संशोधक आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र मांडले. सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार मुलांपैकी तिघांना वेदना असतात. चारांत एकाला फिट येतात, चारांत एकाच्या वर्तनात अडचणी असतात, पाचांत एकाची झोप बिघडलेली असते. आणि चारांत एकाला बोलता येत नाही. आता पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून पाहा. दुखणे बहुतेकांना आहे, पण ते सांगायला अनेकांकडे शब्द नाहीत. मग मूल किंचाळते, हात चावून घेते, ताट ढकलते, थेरपीला नेले की अंग आखडून घेते. घरात आणि शाळेत त्यावर एकच शिक्का बसतो : हट्टी.

वर्तनाची अडचण दिसली की आधी शरीर तपासावे, ते यासाठी.

सुरुवात पोटापासून करा. हालचाल कमी आणि गिळायला त्रास होतो म्हणून पाणीही कमी, त्यामुळे या मुलांत बद्धकोष्ठता फार आढळते. लाळ कमी करण्याच्या काही औषधांनी ती वाढतेही. पोट दुखते म्हणून झोप लागत नाही, झोप झाली नाही की दिवसभर चिरचिर, आणि अपुऱ्या झोपेने फिट येण्याची शक्यताही वाढते. जेवणानंतर आडवे केले की रडणारे, पाठ मागे ताणणारे मूल कदाचित घशाशी येणाऱ्या आम्लाने हैराण असते.

त्यानंतर खुबा. तीन मुलांपैकी एकाचा खुबा जागेवरून सरकतो. जे मूल स्वतः चालू शकत नाही, त्याला हा धोका सर्वाधिक. सुरुवातीला बाहेरून काही दिसत नाही, म्हणून ठरावीक काळाने एक्स-रे काढावा लागतो. लंगोट बदलताना किंवा पाय फाकवताना मूल रडत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. किडलेला दात आणि घट्ट झालेला स्प्लिंटही विसरू नका.

औषधांकडेही पाहायला हवे. फिटवरची लेव्हेटिरासिटॅम, फेनोबार्बिटोन यांसारखी औषधे काही मुलांत चिडचिड किंवा अतिचंचलता वाढवतात. नवे औषध सुरू झाल्यावर स्वभाव पालटला असेल, तर डॉक्टरांना कळवा. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका, फिट उसळू शकतात. ‘बोलावले तरी बघत नाही’ या तक्रारीमागे कधी दृष्टीचा दोष असतो. डोळे ठीक असूनही मेंदू चित्राचा अर्थ लावू शकत नाही, असेही घडते.

सगळेच वर्तन वेदनेतून येते असे नाही. या मुलांत स्वमग्नता, अतिचंचलता, चिंता हे विकारही असतात आणि त्यांवर स्वतंत्र उपचार लागतात. पण दुखणे तपासल्यावाचून ते निदान पक्के मानू नये.

पालकांनी आठवडाभर एका वहीत रोज नोंद ठेवावी : मूल कधी बिथरले, त्याआधी काय चालले होते, शी कधी झाली, झोप किती, कोणते औषध केव्हा दिले, कशाने शांत झाले. न बोलणाऱ्या मुलाची वेदना चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घालता येणे या पाच खुणांवरून मोजण्याची पद्धत डॉक्टरांकडे आहे; तुमची वही तिला जोड देते. अनेक जिल्हा रुग्णालयांत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असते. तिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि मानसशास्त्रज्ञ एकाच ठिकाणी भेटू शकतात.

पुढील लेखात : गिळणे, भरवणे आणि वजन.