उजेड जागेवर पडला पाहिजे

सकाळी ९

मे संपत आला, पाऊस तोंडावर आलाय. या दिवसांत साताऱ्यातल्या आमच्या गॅरेजवर वायपर आणि दिवे याच दोन कामांची रांग असते. आज पहिली गाडी जुन्या मॉडेलची थार, नाशिकच्या कारखान्यात बनलेली. मालकांचं शेत बामणोलीच्या अंगाला. डांबर संपलं की शेतापर्यंत कच्ची वाट, दोन्हीकडे झाडी, आणि रात्री गवे आडवे येतात. बंपरवरच्या दोन गोल स्पॉटलाइटमध्ये त्यांना एलईडी बल्ब टाकून हवेत.

"मिस्त्री, उजेड दुप्पट दिसला पाहिजे."

"दादा, उजेड लांबवर हवा की नाकासमोर लख्ख हवा?"

"लांबवर. वळणावरचा गवा आधी दिसला पाहिजे."

हे आधी विचारून घेतो, कारण पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं.

सकाळी १०

जुने दिवे आधी लावून बघतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, दिव्याच्या टोकाला १२ च्याही खाली. मधले व्होल्ट पातळ वायर आणि गंजलेल्या अर्थमध्ये जिरतात. हॅलोजनला व्होल्टेज थोडं जरी कमी पडलं, तरी उजेड बराच घसरतो. आत १०० वॅटचे एच-३ बल्ब आहेत. दोन्ही मिळून २०० वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास १७ अँपिअर. वायरचं प्लास्टिक तापून कडक झालंय.

पुढच्या रिंगचा स्क्रू सोडून काच आणि रिफ्लेक्टर बाहेर काढतो. रिफ्लेक्टर काळवंडला असेल तर कुठलाही बल्ब टाकून उपयोग नसतो. इथे चकाकी शाबूत आहे, म्हणून काम हातात घेतो.

सकाळी ११

बल्ब निवडायला मी घाई करत नाही. स्पॉटलाइटचा रिफ्लेक्टर पॅराबोलिक असतो. त्याच्या नाभीवर उजेडाचा उगम बसला, तरच किरण सरळ लांब जातात. एच-३ मध्ये बुडाच्या चकतीपासून फिलामेंटपर्यंत १८ मिलिमीटर अंतर असतं आणि फिलामेंट आडवी असते. एलईडीच्या चिपा त्याच अंतरावर हव्यात. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी झोत पसरतो, कधी मधोमध काळा डाग पडतो. उजेड तेवढाच, पण गवा उभा असतो तिथे पोचत नाही.

म्हणून कॅलिपर लावून मोजतो. खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर विसंबत नाही, अँपिअर मोजतो. हा बल्ब १.६ अँपिअर घेतोय, म्हणजे साधारण २२ वॅट.

दुपारी १२

आता बसवायचं. हॅलोजन एच-३ ला एकच वायर असते, अर्थ बुडाच्या पत्र्यातून मिळतो. या एलईडीला वायरी दोन, लाल आणि काळी. प्लस-मायनस उलटं झालं तर बल्ब लागत नाही. काळ्या वायरला बंपरचा भरवसा न देता थेट चॅसीपर्यंत वेगळी अर्थ ओढतो. रंग खरवडून, लग दाबून, बोल्ट कसून वर ग्रीस.

स्प्रिंगची क्लिप पुरती बसली पाहिजे. ती अर्धवट अडकली, तर पहिल्याच खडबडीत वाटेवर बल्ब हलतो. बल्बमागचा ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट देणाऱ्या सर्किटचा, डबा क्लॅम्पने बांधतो, मोकळा लोंबकळत ठेवत नाही.

दुपारी २

जेवण उरकून वायरिंगला बसतो. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरला, ८७ मधून दिव्यांकडे. जुना फ्यूज २५ चा होता. आता भार सव्वातीन अँपिअर, म्हणून साडेसातचा घालतो. रिलेच्या कॉइलला हाय बीमच्या वायरवरून, मध्ये वेगळं बटण देऊन, सप्लाय देतो. समोरून गाडी आली आणि डिपर दिला की स्पॉट आपोआप बंद. ही जोडणी मालकांनी मागितली नव्हती. पण ती केल्याशिवाय मी गाडी सोडत नाही.

मालक म्हणतात, "पुढे मोठा गार्ड लावून दिवे त्यावर घेऊ का?" मी नको म्हणतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करायला राज्यांना कळवलंय. पायी चालणाऱ्याला त्याचा मार जबर बसतो. हेडलाइटमध्येही एलईडी टाकायचा त्यांचा विचार होता, त्यालाही नकार. हेडलाइटच्या एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती वर जाणारा उजेड अडवते. एलईडीत चिपा तंतोतंत जागेवर नसल्या, तर तो उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

दुपारी ४

चहाच्या वेळी हाताखालचा पोरगा बंद बल्ब निरखत विचारतो, "मिस्त्री, उजेड पांढरा, मग चिप पिवळी कशी?" चिप मुळात निळी पेटते. वरच्या पिवळ्या फॉस्फरच्या थरातून निळं आणि पिवळं मिसळून पांढरं दिसतं. निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पोराला हे कळलं पाहिजे, हाताला नुसती सवय पुरत नाही.

संध्याकाळी ५

काच बसवण्याआधी रबर गॅस्केट बदलतो आणि पाणी निथळायचं भोक खाली आहे ना, ते बघतो. हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरची वाफ उडून जायची. एलईडीची उष्णता पुढे न जाता चिपेच्या मागे राहते. त्यामुळे आत शिरलेला ओलावा तिथेच बसतो. शिवाय बल्ब तापला की उजेड उतरतो, म्हणून दोन्ही दिवे अर्धा तास सलग चालू ठेवून पुन्हा अँपिअर बघतो. रेडिओही लावून ऐकतो, हलक्या ड्रायव्हरने त्यात खरखर येते. इथे आवाज स्वच्छ आहे.

संध्याकाळी ७.३०

अंधार पडल्यावर गाडी सपाट जागेवर, भिंतीपासून पंचवीस फुटांवर. टायरची हवा सारखी, मालक ड्रायव्हरच्या सीटवर. दिव्याच्या उंचीवर भिंतीला टेप लावतो. एक दिवा झाकून दुसरा जुळवतो, मग उलट. झोताचा गाभा टेपच्या जरा खाली आणला आणि नट कसले. मधला ठिपका गोल, भरीव, काळा डाग नाही. मालक खाली उतरून भिंतीकडे बघतात आणि म्हणतात, "उजेड दुप्पट नाही, पण एका जागी आहे." मला हेच हवं होतं.

रात्री ८.३०

गाडी सोपवताना दोन्ही दिव्यांवर झाकणं चढवतो. डांबरी रस्त्यावर ती काढायची नाहीत. कासच्या धुक्यात स्पॉट लावायचे नाहीत, थेंबांवरून उजेड परत फिरतो आणि पुढे पांढरी भिंत उभी राहते. तिथे डिपर, खालचे फॉग लॅम्प आणि कमी वेग. फ्यूजचा आकडा आणि वायरींचे रंग कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतो. कच्च्या वाटेवरून आल्यावर एकदा क्लिप आणि नट तपासायला गाडी आणा, असं बजावतो. त्याचे पैसे मी घेत नाही. हादऱ्यांनी सरकलेला दिवा समोरच्या माणसाला आंधळा करू शकतो, तेव्हा तो तपासणं माझ्या कामातच धरलेलं आहे.