युद्ध, शांतता आणि माणूस (लेखांक ७) : शस्त्रे थांबल्यावर उरलेला प्रश्न

मागच्या लेखात आपण कान्टचा १७९५ सालचा शाश्वत शांततेवरचा निबंध पाहिला. राज्याराज्यांतली युद्धे थांबायची तर कोणते नियम हवेत, हा त्याचा विषय होता. आजचा तत्त्वज्ञ कान्टला फार मानणारा, पण त्याने प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला. युद्ध संपले, देश हरला आणि त्या देशाच्या नावाने लाखो निरपराध माणसे मारली गेली. आता तिथल्या साध्या माणसाने स्वतःकडे कसे पाहायचे? हा प्रश्न विचारणारा कार्ल यास्पर्स.

यास्पर्सचा जन्म १८८३ मध्ये उत्तर जर्मनीतल्या ओल्डेनबुर्ग इथे झाला. फुप्फुसांच्या आजाराने लहानपणापासून त्याची पाठ धरली होती, त्यामुळे आयुष्यभर त्याला दिवसाचा एकेक तास जपून वापरावा लागला. तो मुळात डॉक्टर. हायडेलबर्गच्या मनोरुग्णालयात काम करताना १९१३ मध्ये त्याने मनोविकारशास्त्रावरचा मोठा ग्रंथ लिहिला आणि मग तत्त्वज्ञानाकडे वळला. रोग्याजवळ बसून त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय मात्र त्याच्या पुढच्या लेखनातही टिकली.

त्याच्या विचारातली मध्यवर्ती कल्पना म्हणजे 'सीमास्थिती'. एरवी आपण ज्या परिस्थितीत असतो ती बदलता येते. नोकरी सोडता येते, गाव बदलता येते, भांडण मिटवता येते. पण मृत्यू, दुःख, संघर्ष आणि अपराध या चार गोष्टी कोणाला चुकत नाहीत. तिथे हुशारी चालत नाही, पैसा चालत नाही. भिंतीवर डोके आपटावे तसा माणूस त्यांच्यावर आदळतो, आणि यास्पर्सच्या मते आपण कोण आहोत हे त्याला तिथेच पहिल्यांदा उमगते. हे उमगणे एकट्याने होत नाही. त्यासाठी समोर कोणीतरी लागते. जिंकण्यासाठी नव्हे, तर दोघांनाही खरे कळावे म्हणून घातलेला वाद, असे त्याच्या संवादाच्या कल्पनेचे वर्णन करता येईल.

ही कल्पना त्याला स्वतःच्या घरात जगून दाखवावी लागली. त्याची पत्नी गर्ट्रूड ज्यू होती. नाझी राजवटीने १९३७ मध्ये त्याला प्राध्यापकपदावरून दूर केले, पाठोपाठ लेखन छापण्यावर बंदी आली. पुढे स्वित्झर्लंडला जाण्याची परवानगी मिळाली, पण ती त्याला एकट्याला. त्याने ती नाकारली. पकडायला आलेच तर दोघांनी मिळून जीव द्यायचा, म्हणून घरात विष आणून ठेवले होते. १९४५ च्या एप्रिलच्या मध्याला दोघांची रवानगी छळछावणीत होणार होती. त्याआधी जेमतेम दोन आठवडे अमेरिकी सैन्य हायडेलबर्गमध्ये शिरले, म्हणून दोघे वाचली.

असा माणूस सहज म्हणू शकला असता की मी तर सोसणाऱ्यांपैकी आहे, जाब तुम्ही द्या. त्या उन्हाळ्यात जर्मन गावांत छळछावणीतल्या प्रेतांची छायाचित्रे असलेली भित्तिपत्रके लागली होती, आणि हा तुमचाच अपराध आहे असे त्यांवर लिहिले होते. लोक ती पाहून चिडत तरी होते, नाहीतर मान फिरवून पुढे जात होते. अशा दिवसांत, १९४५-४६ च्या हिवाळी सत्रात, यास्पर्स विद्यार्थ्यांसमोर उभा राहिला आणि 'तुम्ही' न म्हणता 'आपण' म्हणाला. ती व्याख्याने १९४६ मध्ये 'अपराधाचा प्रश्न' या अर्थाच्या नावाने पुस्तकरूपात आली.

त्यात त्याने अपराधाचे चार प्रकार वेगळे केले. पहिला कायद्यातला गुन्हा. तो ज्याने केला त्याचाच, आणि त्याचा निवाडा न्यायालय करते. दुसरा राजकीय. आपल्या राज्याने जे केले त्याचे परिणाम प्रत्येक नागरिकाला भोगावे लागतात, मग त्याने त्या राज्यकर्त्यांना साथ दिलेली असो वा नसो. तिसरा नैतिक. हुकूम होता म्हणून शिक्का मारला, भीतीने गप्प बसलो, कळत असून कळले नाही असे दाखवले, याचा जाब स्वतःच्या सद्सद्विवेकाला आणि जिवाच्या माणसांना द्यायचा असतो. चौथा सगळ्यांत खोल. माणूस म्हणून माणसाशी आपले जे नाते आहे, ते शेजाऱ्याला ओढून नेले जात असताना आपण पाळले नाही आणि तरीही जिवंत राहिलो. याचा निवाडा कोणतेही मानवी न्यायासन करू शकत नाही. यास्पर्स तो ईश्वरावर सोपवतो.

या वर्गवारीचे मोल मोठे आहे. अख्खी जमात किंवा अख्खे राष्ट्र गुन्हेगार ठरवायला यास्पर्स ठाम नकार देतो, कारण नाझींनी ज्यूंविषयी नेमका तसाच विचार केला होता. त्याच वेळी, मी काहीच केले नाही, या वाक्यामागे तो कोणाला लपूही देत नाही.

१९४८ मध्ये तो स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला गेला. पुढच्याच वर्षी त्याने 'अक्षयुगा'ची कल्पना मांडली. इसवी सनपूर्व ८०० ते २०० या काळात उपनिषदे आणि बुद्ध, कन्फ्यूशियस, हिब्रू प्रेषित आणि ग्रीक विचारवंत यांनी एकमेकांशी संबंध नसताना माणसाच्या असण्याविषयीचे मूलभूत प्रश्न विचारले, असे त्याचे म्हणणे. त्याच्या कालगणनेवर इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत. पण या मांडणीमागची तळमळ ओळखायला हवी. संस्कृतीचा उगम एकट्या युरोपचा नाही, तो सगळ्यांना मिळून सांगता येतो, असे युद्धाने होरपळलेल्या युरोपातला एक माणूस सांगत होता.

१९५८ मध्ये अणुबॉम्बवरचे त्याचे पुस्तक आले. बॉम्ब मानवजात नष्ट करू शकतो आणि सर्वंकष हुकूमशाही जगण्याजोगे जगणे नष्ट करू शकते, हे दोन्ही धोके त्याने एकत्र तोलले. ही तुलना अनेक शांततावाद्यांना रुचली नाही, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्यही आहे, कारण मानवजात उरली तरच हुकूमशाही उलथता येते. त्याच वर्षी फ्रँकफर्टला जर्मन ग्रंथव्यवसायाचा शांतता पुरस्कार त्याला मिळाला, तेव्हा गौरवाचे भाषण त्याची जुनी विद्यार्थिनी हाना आरेन्ट हिने केले. उत्तरादाखल यास्पर्सने तीन पायऱ्या मांडल्या. आतली शांती नसेल तर बाहेर शांतता येत नाही. शांतता स्वातंत्र्याशिवाय टिकत नाही. आणि स्वातंत्र्य सत्याशिवाय उभे राहत नाही. १९४५-४६ च्या व्याख्यानांत त्याने याच पायऱ्यांतली शेवटची आधी चढून दाखवली होती.

पुढच्या आठवड्यापर्यंत वाचकांनी एक करून पाहावे. आपल्या भोवती, आपल्या डोळ्यांदेखत घडलेला एखादा अन्याय आठवावा आणि चार प्रश्न विचारावेत. यात मी कायदा मोडला का? हे माझ्या नावाने झाले का? मी काय करायचे टाळले? ज्याच्यावर बेतले, तो माझा कोण होता? जी उत्तरे येतील ती मनात न ठेवता एखाद्या जवळच्या माणसाला सांगावीत. यास्पर्सच्या मते शांततेचे काम तिथूनच सुरू होते.